पन्नास देशांची पथकं विमानतळावर उतरली, आता कोण कुठे जाणार? मदतकार्याचा समन्वय करणाऱ्या स्वयंसेवकाचा दिवस असा असतो

२५ एप्रिल २०१५, शनिवार. दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं कमी होती. नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसं गेली, पाच लाखांच्या आसपास घरं जमीनदोस्त झाली. त्याच संध्याकाळपासून जगभरातून विमानं काठमांडूकडे निघाली. पुढच्या काही दिवसांत सत्तरहून जास्त परदेशी बचाव पथकं तिथे पोचली.

आता जरा विचार करा. त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. वर विमानं घिरट्या घालतायत, काही परत पाठवली जातायत. खाली उतरलेल्या प्रत्येक पथकात तीस-चाळीस ते सत्तर-ऐंशी माणसं, सोबत कुत्री, काही टन सामान. बहुतेकांना इथली भाषा येत नाही आणि शहराचे रस्ते माहीत नाहीत. प्रत्येकाला मात्र लगेच कामाला लागायचंय.

अशा वेळी ‘तुम्ही भक्तपूरला जा’, ‘त्या इमारतीवर आधीच एक पथक आहे, तुम्ही पुढची घ्या’, ‘तुमची गरज आता तिकडच्या जिल्ह्यात आहे’ हे सांगणारं कुणीतरी लागतं. टीव्हीवर ही माणसं कधी दिसत नाहीत. त्यांच्यातले काही पगारी अधिकारी असतात. पण बरेच जण वर्षानुवर्षं हे काम करणारे स्वयंसेवक असतात. त्यांचा दिवस कसा जातो, ते नेमकं काय करतात आणि त्यांना कुठले निर्णय घ्यावे लागतात, तेच आज समजून घेऊ.

स्वयंसेवक म्हणजे नेमके कोण?

स्वयंसेवक म्हटलं की आपल्याला टी-शर्ट घालून पाण्याच्या बाटल्या वाटणारा कॉलेजचा मुलगा आठवतो. इथली गोष्ट वेगळी आहे.

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथे टीएचडब्ल्यू नावाची सरकारी संस्था आहे, १९५० साली सुरू झालेली. तिच्यात ऐंशी हजारांहून जास्त लोक आहेत आणि त्यातले जवळजवळ सगळे स्वयंसेवक आहेत. कुणी सुतार, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी इंजिनीअर, कुणी शाळेत शिकवणारं. आपापल्या गावच्या शाखेत हे लोक संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी सराव करतात. परदेशात भूकंप झाला तर काही तासांत निघू शकेल असं त्यांचं एक वेगळं पथक आहे. स्वयंसेवक कामावर गेला तरी त्याचा पगार कापला जात नाही. मालकाला ती रक्कम सरकारकडून मागता येते, तसा कायदाच आहे.

ब्रिटनमध्ये मॅपअॅक्शन नावाची संस्था आहे. तिचे स्वयंसेवक नकाशे बनवण्यात तरबेज असतात. नेपाळ २०१५ आणि तुर्की २०२३, दोन्ही ठिकाणी ते गेले होते. तुर्कीची एकेयूटी ही संस्था १९९६ मध्ये गिर्यारोहकांनी सुरू केली. मेक्सिकोतले ‘लोस तोपोस’, म्हणजे ‘चिचुंद्र्यांसारखे जमिनीत शिरणारे’, हे १९८५ च्या भूकंपात हातानं ढिगारे उपसणाऱ्या सामान्य लोकांमधून तयार झालेलं पथक. आजही ते स्वयंसेवकच आहेत.

या लोकांमधले जे दहा-पंधरा वर्षं टिकतात, चार-पाच आपत्ती पाहतात, ते हळूहळू ढिगाऱ्यावरून टेबलाकडे सरकतात. म्हणजे समन्वयाकडे. कारण कुठल्या पथकाला काय जमतं आणि कुठे गाडी अडकते, हे अनुभवाशिवाय कळत नाही.

ही यंत्रणा आली कुठून?

१९८५ साली मेक्सिको सिटीत आणि १९८८ साली आर्मेनियात मोठे भूकंप झाले. दोन्ही ठिकाणी बाहेरच्या देशांतून मदत धावली, पण कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. एकाच इमारतीवर दोन-तीन पथकं आणि शेजारच्या गल्लीत कुणीच नाही, असा प्रकार.

त्यातून १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ‘इन्साराग’ हे जाळं उभं राहिलं. शोध आणि बचाव पथकं पाठवणारे देश, आपत्तीचा धोका असलेले देश आणि संस्था असे सगळे त्यात आहेत. त्यांनी समान नियम ठरवले. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं या कामाला पाठबळ देणारा ठराव मंजूर केला.

२००५ पासून पथकांची परीक्षाही घेतली जाते. सलग दीड दिवसाच्या आसपास चालणारा खोटा भूकंप, खोटे ढिगारे, अपुरी झोप आणि बाजूला वही घेऊन उभे असलेले परीक्षक. पास झालेल्या पथकाला दर्जा मिळतो. ‘हेवी’ म्हणजे एका वेळी दोन ठिकाणी, चोवीस तास, दहा दिवस काम करू शकणारं पथक. ‘मीडियम’ म्हणजे एका ठिकाणी, चोवीस तास, सात दिवस. अलीकडे ‘लाइट’ हा तिसरा दर्जाही आलाय. पाच वर्षांनी परीक्षा पुन्हा द्यायची.

समन्वयकासाठी हा दर्जा म्हणजे रेशन कार्डासारखा आहे. समोर आलेलं पथक अनोळखी असलं तरी ते काय करू शकतं, हे एका शब्दात कळतं.

फोन वाजतो तेव्हा

मोठा भूकंप झाला की काही मिनिटांत जगभरातल्या समन्वयकांच्या फोनवर आपोआप इशारा येतो. किती तीव्रता, किती खोल, आसपास वस्ती किती. त्यानंतर एक बंद ऑनलाइन मंच उघडतो, ज्याला ‘व्हर्च्युअल ओसोक’ म्हणतात. कुठला देश पथक पाठवायच्या तयारीत आहे, कुठलं विमान किती वाजता उतरणार, विमानतळ चालू आहे का, बाधित देशानं मदत मागितली आहे का, हे सगळं तिथे लिहिलं जातं.

शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. बाधित देशानं होकार दिल्याशिवाय कुणीही निघायचं नाही. मदत कितीही चांगल्या मनानं असली तरी घर दुसऱ्याचं आहे.

घरी काय चालतं? बॅग आधीपासून भरलेली असते. पासपोर्ट, लसीकरणाचं कार्ड, हेडलॅम्प, स्वतःचं दहा दिवस पुरेल असं सामान. ऑफिसात एक मेसेज जातो. मुलांच्या शाळेचं, आईच्या औषधांचं बघायला घरात कुणालातरी सांगितलं जातं. अनेक स्वयंसेवकांच्या घरी हे इतक्या वेळा झालेलं असतं की बायको किंवा नवरा काही न विचारता चार्जर आणून देतो. पण सवय झाली म्हणून काळजी कमी होते असं नाही.

पहिला दिवस : विमानतळावरचं टेबल

नियम असा आहे की पहिलं येणारं प्रशिक्षित पथक विमानतळावरच एक टेबल मांडतं. हे आगमन केंद्र. पाठोपाठ येणाऱ्या प्रत्येक पथकाची नोंद इथे होते. प्रश्न साधेच असतात, पण त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

किती माणसं? किती कुत्री? सामान किती टन? किती ट्रक लागतील? दुभाषा हवा का? डॉक्टर सोबत आहेत का? आणि पेट्रोल किती लागेल?

पेट्रोलचा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. पण विमानात पेट्रोल, डिझेल, गॅस कटरचे सिलिंडर नेता येत नाहीत. काँक्रीट कापायची यंत्रं करोडोंची असली तरी त्यात घालायचं इंधन त्या गावातच शोधावं लागतं. तसंच लाकडाचं. पडायला आलेला स्लॅब तोलून धरायला जाड वासे लागतात आणि तेही तिथल्याच वखारीतून आणावे लागतात. भूकंप झालेल्या शहरात उघडी वखार आणि ट्रकवाला शोधून काढणं, हे समन्वयकाचं पहिल्या दिवसाचं खरं काम.

काठमांडूत तर टेबलाच्या पलीकडे धावपट्टीचा प्रश्न होता. जड विमानांच्या सततच्या उतरण्यानं ती खराब व्हायला लागली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला फार जड विमानांना बंदी घालावी लागली. सुदैवाची एक गोष्ट म्हणजे विमानतळाजवळ मदतसामग्री उतरवून घ्यायचं केंद्र भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी तयार झालं होतं. ते नसतं तर सामान विमानतळावरच अडकून पडलं असतं.

रोजचा दिवस कसा जातो?

दुसऱ्या दिवसापासून एक लय येते. समन्वय कक्ष म्हणजे बहुतेक वेळा एक तंबू. चार फोल्डिंग टेबलं, जनरेटर, सॅटेलाइट फोन, भिंतीवर मोठा नकाशा. बारा-बारा तासांच्या पाळ्या ठरतात, पण पहिले दोन-तीन दिवस त्या कागदावरच राहतात. झोप मिळते ती तीन-चार तास, तीही बूट काढून ठेवून जवळच.

सकाळी रात्रपाळीकडून काम ताब्यात घ्यायचं. रात्रीत कुठे जिवंत माणूस सापडला, कुठलं ठिकाण संपलं, कुठे जमीन पुन्हा हादरली. मग स्थानिक सरकारच्या अधिकाऱ्यांसोबत बैठक. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते : प्रमुख ते आहेत, आपण नाही. तुर्कीत ही जबाबदारी त्यांच्या एएफएडी या आपत्ती संस्थेची होती. परदेशी समन्वयक सुचवतो, जोडून देतो, हिशोब ठेवतो. हुकूम देत नाही.

त्यानंतर पथकप्रमुखांची बैठक. वीस मिनिटांत संपली पाहिजे. शहराचे भाग पाडलेले असतात, ए, बी, सी, डी असे. प्रत्येक भाग एकेका पथकाला किंवा दोन-तीन पथकांना मिळून दिलेला. ज्यांचं काम संपलंय त्यांना नवीन भाग, जे थकलेत त्यांना विश्रांती.

दुपारी नकाशा आणि फोन. एका पथकाला क्रेन हवी आहे. दुसऱ्याचा दुभाषा कालपासून आलेला नाही, कारण त्याच्या स्वतःच्या घरात दोन मृत्यू झालेत. तिसऱ्याच्या कुत्र्याचा पंजा काचेनं कापलाय. चौथं पथक सांगितलेला भाग सोडून दुसरीकडेच गेलंय, कारण तिथे टीव्हीचे कॅमेरे होते. हो, असंही होतं. आणि तेव्हा रागावून चालत नाही. शांतपणे फोन करून परत बोलवावं लागतं.

याच वेळी तंबूच्या दाराशी माणसं येतात. कुणाची बहीण, कुणाचा मुलगा. हातात मोबाइल, त्यावर फोटो. ‘काल रात्री आवाज येत होता, चला ना.’ प्रत्येकासोबत लगेच माणूस पाठवणं शक्य नसतं. नाव, पत्ता, मजला, शेवटचा आवाज कधी ऐकला, हे सगळं लिहून घ्यायचं आणि त्या भागातल्या पथकाला कळवायचं. समोरच्याला खोटं आश्वासन द्यायचं नाही आणि दारातून हाकलायचंही नाही. अनुभवी समन्वयकांना विचारलं तर सगळ्यात जड जाणारं काम म्हणून ते बहुधा हेच सांगतात.

संध्याकाळी अहवाल. प्रत्येक पथक आपापल्या ठिकाणांची माहिती पाठवतं. ती जुळवून दिवसाचा एक अहवाल बनतो, तो सरकारला जातो आणि ऑनलाइन मंचावर चढतो. पुढची पथकं पाठवायची की थांबवायची, हे देश त्यावरूनच ठरवतात. समन्वयकानं घाईत एक आकडा चुकवला तर उद्या एखादं विमान विनाकारण निघू शकतं.

रात्री घरी फोन. बोलणं बहुतेक वेळा जेवलास का, थंडी आहे का, इतकंच.

भिंतीवरच्या त्या खुणा वाचायच्या कशा?

भूकंपाच्या फोटोंमध्ये पडक्या भिंतींवर स्प्रे-पेंटनं काढलेले चौकोन तुम्ही पाहिले असतील. तो समन्वयाचाच भाग आहे.

साधारण एक मीटरचा चौकोन. आत त्या ठिकाणाचा क्रमांक, म्हणजे ‘सी’ भागातलं तिसरं ठिकाण. काम करणाऱ्या पथकाचं चिन्ह : देशाची तीन अक्षरं आणि क्रमांक. तारीख. आणि शोध कुठल्या पातळीपर्यंत झाला त्याचा आकडा.

पातळ्या पाच आहेत. पहिली म्हणजे संपूर्ण परिसराची नजरपाहणी. दुसरी म्हणजे कुठल्या इमारतीत माणसं जिवंत असण्याची शक्यता आहे ते ठरवणं. तिसरी, झटपट शोध आणि बचाव. चौथी, आत खोल शिरून पूर्ण शोध. पाचवी, सगळा ढिगारा उपसून मृतांनाही बाहेर काढणं. दुसरं पथक आलं की भिंत वाचूनच त्याला कळतं, इथे काय झालंय आणि काय बाकी आहे.

जिथे माणूस अडकल्याची खात्री असते तिथे इंग्रजी ‘व्ही’ काढतात. त्याखाली किती जिवंत आणि किती मृत ते लिहितात. जिवंत माणूस बाहेर आला की त्याच्यापुढचा आकडा खोडतात.

शिट्ट्यांचीही भाषा ठरलेली आहे. तीन छोट्या शिट्ट्या पुन्हा पुन्हा वाजल्या म्हणजे ताबडतोब बाहेर पडा. एक लांब शिट्टी म्हणजे काम थांबवा, शांतता ठेवा, आवाज ऐकायचाय. एक लांब आणि एक छोटी म्हणजे पुन्हा सुरू करा. जपानी, चिली, पोलिश किंवा भारतीय, शिट्टी सगळ्यांना कळते.

सगळ्यात अवघड प्रश्न : थांबायचं कधी?

पहिले बहात्तर तास सगळ्यात महत्त्वाचे मानले जातात. त्यानंतर जिवंत सापडण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते. पण शून्य होत नाही. काठमांडूत एक पंधरा वर्षांचा मुलगा पाच दिवसांनी जिवंत बाहेर आला. तुर्कीत तर दहा दिवसांनंतरही माणसं निघाली.

मग थांबायचं कधी? हा निर्णय यजमान देशाचं सरकार घेतं, पण त्यासाठी लागणारी माहिती समन्वयक देतात. शोधाच्या जागा संपत आल्या, आवाज येईनासे झाले, आणि हजारो जखमी, बेघर लोक अन्न-पाणी-तंबूंची वाट बघतायत. तेव्हा ट्रक, इंधन आणि धावपट्टी कुणासाठी वापरायची? नेपाळ सरकारनं साधारण आठवड्याभरानं परदेशी बचाव पथकांना परत जायला सांगितलं, ते याच हिशोबानं. ज्यांचं माणूस अजून ढिगाऱ्यात होतं, त्यांच्यासाठी तो दिवस कसा असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

कधीकधी थांबावं लागतं ते पथकाच्या सुरक्षेसाठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीच्या हाताय प्रांतात परिस्थिती बिघडल्यावर जर्मन आणि ऑस्ट्रियन पथकांनी काही काळ काम थांबवलं होतं. आपली माणसं धोक्यात घालायची की ढिगाऱ्यातल्या माणसाची शक्यता सोडायची, याचं सोपं उत्तर कुणाकडेच नसतं.

आणि कधी वाचवूनही हाती काही राहत नाही. त्याच भूकंपात किरिखान गावी जर्मन स्वयंसेवकांच्या पथकानं एका महिलेला शंभरहून जास्त तासांनी जिवंत बाहेर काढलं. ते दृश्य जगभर पाहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिचा मृत्यू झाला. बराच काळ दबलेल्या माणसाच्या बाबतीत हा धोका डॉक्टरांना माहीत असतो. स्नायूंवरचा दाब अचानक सुटला की त्यांत साचलेली द्रव्यं रक्तात मिसळतात आणि हृदय, मूत्रपिंड बंद पडू शकतात. म्हणूनच बाहेर ओढण्याआधी आतच सलाइन लावतात. तरीही प्रत्येक वेळी यश येत नाही.

मग या सगळ्याचा उपयोग किती?

हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. नेपाळमध्ये सत्तरहून जास्त परदेशी पथकांनी मिळून जिवंत बाहेर काढलेली माणसं सोळा. २०१० च्या हैती भूकंपात हा आकडा १३० च्या आसपास होता. कुठल्याही भूकंपात सगळ्यात जास्त जीव वाचवतात ते शेजारी, नातेवाईक आणि स्थानिक पोलीस-लष्कर. पहिल्या काही तासांत, हातानं, पहारीनं, मिळेल त्यानं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे घडलं, ते पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

मग परदेशी पथकं कशाला? एक म्हणजे काँक्रीटचे मजले एकावर एक बसले की पहारीनं काम होत नाही, तिथे खास यंत्रं आणि कुत्री लागतात. दुसरं, ही पथकं सोबत डॉक्टर, इमारती तपासणारे इंजिनीअर आणि नकाशे करणारे लोक आणतात. ‘ही शाळा वापरता येईल, हे हॉस्पिटल रिकामं करा’ हे सांगणारा माणूसही जीवच वाचवत असतो, फक्त तो मोजला जात नाही. म्हणूनच आता जोर आहे तो धोका असलेल्या देशांनी स्वतःची पथकं तयार करण्यावर. जुने समन्वयक वर्षाचे उरलेले दिवस याच कामात घालवतात : सराव घेणं, परीक्षा घेणं, नव्या लोकांना शिकवणं.

मदतीचाही त्रास होतो का?

होतो. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, ते उचलायलाच माणसं लागली. इंडोनेशियातल्या आचेमध्ये नको असलेली आणि मुदत संपलेली औषधं नंतर नष्ट करावी लागली.

हैतीचा धडा याहून कडू आहे. भूकंपानंतर काही महिन्यांनी तिथे कॉलरा पसरला आणि हजारो लोक दगावले. त्याचा उगम संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका छावणीतल्या सांडपाण्याशी जोडला गेला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तत्कालीन सरचिटणीसांनी माफी मागितली. म्हणून पथकाची छावणी कुठे लागणार, पाणी कुठलं, संडास कसे, कचरा कुठे जाणार, हे समन्वयक आज इतक्या खोदून खोदून विचारतात. मदतीला आलेल्यानं यजमानाच्या घासातला घास खायचा नाही आणि मागे आजारही ठेवायचा नाही.

यात भारत कुठे आहे?

नेपाळमध्ये ‘ऑपरेशन मैत्री’ त्याच दिवशी सुरू झालं. सगळ्यात आधी पोचलेल्यांत एनडीआरएफची पथकं होती. तुर्कीत ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला आणि दुसऱ्या दिवशी ‘ऑपरेशन दोस्त’ची विमानं निघाली. एनडीआरएफच्या तीन पथकांत दीडशेच्या आसपास जण होते, त्यात महिला जवानही होत्या, शिवाय प्रशिक्षित कुत्री. गाझियांतेपमधल्या नुरदागी इथे त्यांनी सहा वर्षांच्या मुलीला जिवंत बाहेर काढलं. लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलनं इस्केंदेरुनमध्ये तीस खाटांचं रुग्णालय उभारून साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण तपासले.

एनडीआरएफचे जवान स्वयंसेवक नाहीत, ती त्यांची नोकरी आहे. पुण्याजवळ तळेगावला त्यांची पाचवी बटालियन आहे, महाराष्ट्रातल्या पुरांत आणि दरडींत दिसतात ते हेच लोक. सामान्य माणसासाठी आपल्याकडे ‘आपदा मित्र’ ही योजना आहे. २०१६ मध्ये तीस पूरप्रवण जिल्ह्यांपासून ती सुरू झाली आणि नंतर साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात त्याची चौकशी करता येते. परदेशात जायची वाट बहुतेकांची आपल्याच तालुक्यातून सुरू होते.

घरी बसून आपण काय करू शकतो?

नेपाळच्या भूकंपानंतर जगभरातल्या हजारो लोकांनी घरी बसून उपग्रहाचे फोटो पाहत ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते, घरं आणि हेलिकॉप्टर उतरवण्याजोग्या मोकळ्या जागा काढल्या. काठमांडूतले तरुण त्यात पुढे होते. तुर्कीत ढिगाऱ्याखालच्या लोकांनी मोबाइलवरून आपलं ठिकाण पाठवलं, आणि संगणकाच्या स्वयंसेवकांनी सोशल मीडियावरचे असे पत्ते गोळा करून नकाशावर मांडले.

पण याच वाटेनं चुकीचे मेसेजही येतात. सुटका झालेल्या माणसाचा मेसेज दोन दिवस फिरत राहतो आणि एखादं पथक रिकाम्या इमारतीशी जाऊन थांबतं. म्हणून फॉरवर्ड करण्याआधी समन्वयकाच्या टेबलावरचे चार प्रश्न स्वतःला विचारा :

– हा मेसेज मूळ कधीचा आहे? तारीख-वेळ लिहिली आहे का?
– पत्ता पूर्ण आहे का, की फक्त शहराचं नाव आहे?
– पाठवणाऱ्याचा नंबर लागतो का? लावून पाहिला का?
– सुटका झाली असेल तर मूळ पोस्ट काढली का?

वस्तू पाठवायच्या असतील तर आधी तिथून आलेली यादी बघा. यादी नसेल तर पैसे पाठवणं केव्हाही बरं, कारण पैशाला ट्रक लागत नाही आणि तिथल्याच दुकानातून हवं ते घेता येतं.

शेवटचा दिवस

समन्वयकाचं शेवटचं काम म्हणजे आवराआवर. निघणाऱ्या प्रत्येक पथकाचा अहवाल घ्यायचा, उरलेले तंबू, जनरेटर, औषधं कुणाला दिली त्याची नोंद करायची आणि कुठल्या ठिकाणी काय झालं याची संपूर्ण यादी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातात द्यायची. पुढे महिनोन्‌महिने ढिगारे उपसणाऱ्यांना ती लागते. कुणाला तरी आपल्या माणसाचा पत्ता त्याच यादीतून लागतो.

मग विमान, घर आणि सोमवारी ऑफिस. सहकारी विचारतात, ‘कसं होतं तिकडे?’ आणि सांगायचं कुठून, हे कळत नाही. आता बहुतेक संस्था परत आलेल्यांना मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला लावतात. पूर्वी ते कमीपणाचं वाटायचं, आता नियमात बसतं. झोप न लागणं, दारातले ते चेहरे आठवत राहणं, हे अनेकांना होतं. त्यावर बोललेले लोक पुढच्या वेळी पुन्हा जाऊ शकतात.

पुढच्या वेळी भूकंपाची एखादी क्लिप तुमच्या फोनवर आली आणि मागच्या भिंतीवर रंगानं काढलेला चौकोन दिसला, तर क्षणभर थांबून तो वाचा. त्यातला एकेक आकडा कुणीतरी जागून, फोन करून, नोंदवून तिथपर्यंत पोचवलेला असतो.